नवमीचं तेल

तुळजाजीने पंपाची नळी सरळ दुकानदाराच्या गरम कॉफीत बुडवली, तेव्हा दुकानदार खुर्चीवरून उठलाच.

"अहो, हे काय चाललंय?"

"कॉफीत जी नळी मऊ पडते, ती तापल्या इंजिनात काय टिकणार?" तुळजाजी म्हणाला. नळी वर काढून त्याने दोन बोटांत चेपली. ती चपटली आणि चपटीच राहिली. "दुसरी दाखवा. कॉफी मी दुसरी सांगतो."

तिरुचीच्या त्या मोटारींच्या सुट्या भागांच्या गल्लीत त्या वर्षांत नाही ते मिळू लागलं होतं. एका कपाटात तैवान, दुसऱ्यात कोरिया. दुकानदाराने आधी इंजिनातलं जुनं ऑईल ओढायचा, विजेवर चालणारा पंप पुढे केला होता; बॅटरीला चिमटे लावायचे आणि हात बांधून बसायचं. तुळजाजीने तो हातात घेतला, वजन पाहिलं आणि परत ठेवला. त्याची अँबॅसडर डिझेलची. तिचं जुनं ऑईल काकवीसारखं दाट, असली मोटर चार घोट ओढून धूर सोडील. मग लांब पितळी पिचकारी आली. तसली एक धाकट्या भावाने, कल्याणरामाने, तंजावरच्या बाजारातून आधीच आणून ठेवली होती. भरा, काढा, ओता, पुन्हा भरा, आणि निम्मं ऑईल स्वतःच्या अंगावर. शेवटी आला टाकीचा हातपंप. खाली डबा, वर दांडा. दांडा मारून डब्यातली हवा काढली की ऑईल नळीतून आपणहून चढत येतं.

तुळजाजीने नेसलेल्या वेष्टीच्या कनवटीतून कागदात गुंडाळलेली गाडीची तेल मोजायची पट्टी काढली. ती त्याने घरून बसमधून तशीच आणली होती. नळी तिच्या शेजारी धरून लांबी पाहिली, पट्टीच्या भोकात जाईल का ती जाडी पाहिली, आणि मग कॉफी. तिसरी नळी कॉफीला नमली नाही. ती त्याने घेतली.

माणूस हट्टी होता असं नाही. खरं तर होताच. पण हट्टाला कारण होतं. पापनाशमजवळच्या कालव्याकाठच्या त्या गावात भाड्याची गाडी एकच, त्याची. घर तिच्यावर चालायचं. जन्मभर तिच्याखाली तोच निजला, ऑईल त्यानेच बदललं. मागच्या साली पाठ गेली आणि डॉक्टरने बजावलं की गाडीखाली शिरलात तर परत उभं राहणं विसरा. तो अंथरुणावर असताना गाडी वर्कशॉपात गेली. तिथल्या कुणा घिसाडघाई करणाऱ्याने ऑईल सोडायचा, तळाच्या चेंबरचा बोल्ट वाकडा घालून पान्याने ओढला. आटे गेले. वर लांबी फासून बोल्ट कसाबसा बसवून दिला होता. आता तो काढला तर परत बसणार नाही, आणि चेंबर उतरवून नवे आटे पाडायचे तर गाडी वर्कशॉपातच ठेवायची. मांजराच्या हवाली दूध, आणि तेही ऐप्पसी महिन्यातली लग्नं तोंडावर आलेली असताना. म्हणून ऑईल खालून न काढता वरून ओढायचं, असं त्याने ठरवलं.

त्याच्या बायकोचा, वसुमतीचा हिशेब मात्र वेगळाच होता. मागच्या खंडेनवमीला दुपारी कुणाची लॉरी कालव्याच्या चिखलात रुतली आणि तुळजाजीने पूजेच्या पाटावरून जॅक उचलून नेला. आठवडा सरायच्या आत पाठ गेली. पाठ गेली म्हणून वर्कशॉप, वर्कशॉप म्हणून बोल्ट, बोल्ट म्हणून हा पंप. तिच्या लेखी सगळ्याचं मूळ तो जॅक. नवमीला पाटावर मांडलेलं दशमीच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, ही रीत तंजावरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासूनची, असं ती म्हणे. पाठ दुखायची तेव्हा तुळजाजीलाही कधी कधी वाटायचं, की तो जॅक उचलायला नको होता.

खंडेनवमीच्या सकाळी त्याने गाडी सुरू करून थोडी तापवली, बंद केली, पट्टी काढली आणि भोकात नळी सोडली. तळाला टेकली तशी अर्धं बोट वर घेतली. मग दांडा मारू लागला.

"डॉक्टर रगत काढतात तसं दिसतंय, अण्णा," कल्याणराम म्हणाला. तो गावातल्या सहकारी दुकानात कारकून, अंगाला डाग लागू न देणारा माणूस.

"तुझ्या पिचकारीनं काढलं असतं तर तुझंच रगत समजून लोकं धावले असते."

"माझ्या पिचकारीस नावं ठेवू नका. होळीला कामास येईल."

काळं ऑईल नळीतून चढलं. तुळजाजीचा चेहरा उजळला, तो तसा क्वचितच उजळे. नळी थोडी फिरवली, मागेपुढे केली, तळाचं गुरगुरत आलं तोवर सोडलं नाही. पाठ न वाकवता, उभ्या उभ्या, गाडीचं पोट रिकामं झालं. वर्षभरात पहिल्यांदा त्याला आपण पुन्हा आपल्या गाडीचे मालक झालो असं वाटलं.

जुनं ऑईल त्याने बादलीत ओतलं. कल्याणराम बादली उचलून म्हणाला, "गोठ्याच्या खांबांस वाळवी लागलीय. फासून टाकतों. मग केळीची पानं घेऊन येतों."

नव्या ऑईलचा डबा प्लास्टिकचा, लाल झाकणाचा, मोहोरबंद. ड्रमातलं सुटं ऑईल वापरण्यात जन्म गेलेल्या तुळजाजीला तो डबा फोडायचं जरा जिवावर आलं होतं. तो झाकणाला हात घालतो तोच वसुमती दारात आली.

"ते फोडू नका. नवी वस्त पूजेआधी वापरतात कां?"

"घातल्यावर पूजा कर की. दोन मिनिटांचं काम."

"राहुकाळ लागतोय. गतसालीही तुम्ही दोन मिनिटांचंच सांगटलं होतं."

गतसाल निघालं तसा तुळजाजीने झाकणावरचा हात काढला. इंजिन रिकामं एक दिवस राहिलं तर बिघडत नाही, कुणी सुरू केलं नाही म्हणजे झालं. उद्या उत्तरपूजा झाली की पहिलं काम हेच. कल्याणरामाला तेवढं सांगून ठेवावं असं त्याच्या मनात आलं, पण तो पानं आणायला गेला होता.

पाट मांडला गेला. मधोमध घराण्याची तलवार. म्यान केव्हाच हरवलेलं आणि मागल्या पिढीत कुणीतरी तिने नारळ सोलल्याने पात्याला दोन दाते. तिच्या बाजूला पाने, स्क्रू ड्रायव्हर, जॅक, विळी, कोयता, कल्याणरामाच्या दुकानाचा तराजू. केरोसिनने पुसलेला नवा पंप, तेल मोजायची पट्टी आणि लाल झाकणाचा डबा. वसुमतीने सगळ्यांना गंध लावलं, डब्याला जरा जास्तच. बाहेर गाडी धुऊन, कण्हेरीची माळ घालून उभी. चारी चाकांखाली चार लिंबं. गाडी पहिल्यांदा हलेल तेव्हा ती फुटायची.

मुलगी विशालाक्षी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचा नवरा चेन्नैला नोकरीत. दिवस भरायला अजून अवकाश होता. ती ओट्यावर पाय पसरून बसून आरती म्हणत होती आणि मध्येच पोटाला हात लावत होती. सगळ्यांना वाटलं, बाळ फिरतंय.

जेवणं झाली. पायसम जरा जास्त झालं. तुळजाजीने पाठीची गोळी घेतली आणि ओट्यावर आडवा झाला. गोळी आणि पायसम मिळून माणसाला मारूनच टाकतात.

त्याला जाग आली ती आवाजाने. गाडी सुरू झाली होती. पण तिच्या आवाजात खालचा तो भरदार सूर नव्हता, नुसती वरची कोरडी खडखड. झोपेतही त्याच्या कानाला कळलं आणि पाठबीठ विसरून तो ओट्यावरून खाली उतरला. चाकामागे कल्याणराम. तुळजाजीने दोन्ही तळव्यांनी बॉनेट बडवलं.

"बंद कर! बंद कर रे! ऑईल नाही त्यात!"

कल्याणरामाने किल्ली फिरवली. गाडी एकदा हिसका देऊन थांबली. हलली नव्हती, लिंबं तशीच होती.

"नाही म्हण्जे? सकाळी तर तुम्ही…"

"काढलं. घातलं नाही. पूजेत आहे."

"अण्णा, विशाला…" कल्याणरामाने मागच्या दाराकडे बोट केलं. "मागे विहिरीपाशी पडली. रगत जातंय. वैनी बसलीय तिच्याजवळ."

तुळजाजी मागच्या दारी गेला. विशालाक्षी धुण्याच्या दगडाला टेकून बसली होती, तोंड पांढरं, साडीचा घेर लाल. दगडावरून एक बारीक ओघळ मोरीकडे निघाला होता. तिने वर पाहिलं आणि लहानपणी म्हणायची तसं म्हणाली, "अप्पा, दुखत नाही मज. नुस्तं जातंय." दुखण्यापेक्षा हे वाईट, एवढं त्याला कळलं.

पापनाशमच्या हॉस्पिटलात न्यायलाच हवं होतं. पण कशातून? गावाची बस डेपोत माळ घालून उभी, संध्याकाळपर्यंत येणार नाही. जमीनदाराची व्हॅन कुंभकोणमला गेलेली. बैलगाडीने कालव्याचा रस्ता धरला तर पोहोचेपर्यंत अंधार. उरली ती दारातली माळ घातलेली गाडी.

तो देवघराकडे वळला. वसुमती लेकीजवळून उठून त्याच्या आधी तिथे पोहोचली होती. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून उभी.

"पाटाला हात लावू नका."

"वेडी झालीस कां गे? पोरगी मरतीय तिथं!"

"म्हणूनच सांगते!" ती ओरडली. "तेव्हां तुमची पाठ गेली. अत्तां कुणाचं काय जाईल? तिच्यावर जाऊ देऊ कां मी? तिच्या पोटातल्यावर?"

तुळजाजीला तिला बाजूला सारता आलं असतं. पण तिचं भय खोटं नव्हतं. ते थोडं त्याच्याही पोटात होतं, म्हणून हात पुढे होईना.

"जुनं घाला!" वसुमती एकदम म्हणाली. "सकाळी काढलेलं. ते पूजेत नाही. तेच परत ओता!"

बरोबरच होतं. जळकं असलं तरी ऑईलच, पापनाशमपर्यंत नेलं असतं. ती स्वतःच गोठ्याकडे धावली. तुळजाजी भिंत धरत मागून गेला. बादली खांबाशी होती. वसुमतीने आत पाहिलं आणि मग खांबांकडे. सगळे खांब माणसाच्या उंचीपर्यंत काळेभोर, ओलसर. कल्याणरामाने काम मन लावून केलं होतं. बादलीत निम्म्याहून कमी उरलं होतं.

"मज काय ठाऊक, वैनी…" कल्याणराम मागे येऊन उभा राहिला होता. रडायच्या बेतात आलेला.

वसुमतीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने खांबांवरून हाताने ऑईल निपटायला सुरुवात केली, तळवे, कोपर, बांगड्या, सगळं काळं. लाकडाने ते कधीच पिऊन टाकलं होतं. चार थेंब बादलीत पडले. तुळजाजीला ते बघवेना. त्याने तिचा दंड धरून बाजूला केलं.

होतं तेवढं पितळी तांब्याने इंजिनात ओतलं. मोजायला पट्टी नाही, ती पाटावर. तिच्या भोकात चिंधी कोंबली. कल्याणरामाने किल्ली फिरवली. समोरचा ऑईलचा लाल दिवा लागला तो लागलाच. एकदा मिणमिणला, विझतोय असं वाटलं, आणि परत लागला. खडखड थोडी कमी झाली, थांबली नाही.

"चालेल कां, अण्णा?"

"कालव्याच्या पुलापर्यंत. पुलावर बेअरिंग जाम होईल," तुळजाजी म्हणाला. "ना इकडे ना तिकडे, रस्त्यात बसवून ठेवेल तीस. बंद कर."

आता त्याने कुणाला विचारलं नाही. तो देवघरात गेला. वसुमती मागून आली, पण दार अडवलं नाही, नुसती उभी राहिली. पाट जमिनीवर, आणि डबा तलवारीच्या पलीकडे. तुळजाजीने हात जोडले. मग कमरेत वाकला.

अर्ध्या वाटेत पाठीत काहीतरी कट् झालं आणि तो तिथेच अडकला. खाली जाता येईना, वर येता येईना. डब्यापासून हात वीतभर दूर. कपाळाला घाम फुटला आणि तोंडातून कण्हणं आलं.

वसुमतीने ते पाहिलं. वर्षभर ज्याची तिला भीती होती ते तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, तेही वस्तूला हात लागायच्या आधीच. बाहेरून विशालाक्षी हाक मारत होती, "आई", आणि हाक मघापेक्षा बारीक झाली होती.

वसुमती गुडघ्यांवर बसली. पाटाला डोकं टेकलं. "हे ह्यांनी उचललं नाही," ती पाटाशी बोलत असल्यासारखी स्पष्ट म्हणाली. "मी उचलतीय. घडायचं ते माझ्या हातास घडू दे. दुसऱ्या कुणास नको." आणि तिने काळ्या हातांनी लाल झाकणाचा डबा उचलला. फक्त डबा. बाजूची पट्टी, पंप, पाने, कशालाही बोट लागू दिलं नाही.

कल्याणरामाने मोहोर फोडली. नवं ऑईल मधासारखं ओतलं गेलं, डब्यावरचं कुंकू त्याच्या कारकुनी शर्टाला लागलं. गाडी सुरू केली तसा लाल दिवा विझला.

विशालाक्षीला मागे आडवं केलं, डोकं आईच्या मांडीवर. तुळजाजीला दोघांनी उचलून पुढे कोंबलं, तो वाकडाच बसला. चारी लिंबं एकदम फुटली. तुळजाजीचे डोळे दिव्यावर, कान इंजिनावर. पूल आला. पुलावर म्हशी. कल्याणरामाने आयुष्यात कधी दिली नव्हती अशी शिवी म्हशींना दिली आणि हॉर्न दाबून धरला. मागून वसुमतीचा आवाज येत होता, "झोपू नको गे. माझ्याशी बोल. नाव काय ठेवायचं सांग. झोपू नको." काही वेळाने विशालाक्षीचं उत्तर येईनासं झालं, तरी वसुमती विचारतच राहिली.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. हे तिघं बाहेर बाकावर. तुळजाजी बाकावर आडवा, कारण बसता येत नव्हतं. वसुमती भिंतीशी उभी, हात अंगापासून दूर धरलेले. कल्याणरामाने केरोसिन मागून आणलं, तिने घासून घासून हात धुतले, पण नखांच्या कडांतलं काळं निघालं नाही. आतून कुणी येई ते न बोलता निघून जाई. एकदा एकाने रक्त कोण देणार विचारलं. कल्याणराम उठून गेला आणि कापूस दंडाला धरून परत आला.

दिवे लागले तेव्हा नर्स बाहेर आली. हातात कापडाचं गाठोडं. "आई वाचली. शुद्धीवर येईल. मुलगी आहे," ती म्हणाली आणि आजी म्हणून गाठोडं सरळ वसुमतीपुढे धरलं.

वसुमतीने दोन्ही हात मागे नेले.

"घ्या ना," नर्स वैतागून म्हणाली. "मला कामं आहेत."

वसुमती मान हलवत भिंतीला चिकटली. शेवटी कल्याणराम पुढे झाला आणि गाठोडं तराजूतल्या साखरेसारखं जपून घेतलं.

"कां गे?" नर्स गेल्यावर तुळजाजीने विचारलं.

"ह्या हातांनी डबा उचललाय. उत्तरपूजा झाली नाही अजून."

"उचलायचं मन माझं होतं. मी वाकलो होतो. दोष असेल तर माझा."

"मन कोण बघतं? हात कोणाचा ते बघतात." तिचे डोळे भरून आले. बाळ हातभर अंतरावर होतं, ती मान लांब करून त्याचं तोंड बघत होती आणि हात पाठीमागे एकमेकांत आवळून धरले होते. तुळजाजीला हसू यायला हवं होतं, आलं नाही. उठता येत नव्हतं, नाहीतर त्याने ते हात आपल्या हातात घेतले असते.

रात्र तशीच गेली. बाळ रडलं की वसुमती उठून उभी राहायची, आणि नर्सने उचललं की परत बसायची.

दसऱ्याच्या पहाटे कल्याणराम गाडी घेऊन गावी गेला. आंघोळ केली, पाटावर अक्षता वाहिल्या, उत्तरपूजा केली, एकेक वस्तू उचलून जागच्या जागी ठेवली. ऊन वर आलं तेव्हा तो परतला, एका हातात केळीच्या पानात पूजेची फुलं आणि दुसऱ्यात तेल मोजायची पट्टी.

"किती भरलं?" तुळजाजीने आधी तेच विचारलं.

"वरच्या खुणेस. बघितलं मी," कल्याणराम म्हणाला. मग वहिनीपुढे फुलं धरली. "अस्कं झालं, वैनी, काही उरलं नाही. पाट उचलला."

वसुमतीने फुलं डोळ्यांना लावली. नळावर जाऊन पुन्हा एकदा हात घासले, पदराला पुसले, उलटसुलट करून पाहिले. काही झालं नव्हतं त्यांना. आत विशालाक्षी उशीवर कललेली, बाळ कुशीत. "घे की, आई," ती पडल्या आवाजात म्हणाली. "कालपास्नं वाट बघतीय ती."

वसुमतीने नातीला उचललं आणि आधी छातीशी इतकी घट्ट धरली की पोर किंचाळली. मग तिचं तोंड डोळे भरून बघायला जरा लांब धरलं, हनुवटी बोटाने वर केली. हनुवटीवर एक काळा ठिपका उमटला.

"अय्यो, ऑईल लागलं!" तिचा चेहरा पडला. ती पदर ओला करून पुसायला निघाली.

तुळजाजी भिंत धरत, वाकडातिकडा, दारापर्यंत येऊन पोहोचला होता. त्याने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "दिष्ट लागायची नाही."